चाई नव्हती ती

लालबागच्या माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्यात गणपती तोंडावर, बाहेर ढोल-ताशे. अशा गर्दीत ९ वर्षांची एक मुलगी आई आणि आजीबरोबर आली. डोक्याला घट्ट स्कार्फ. तो सोडत आजी म्हणाल्या, "चाई पडलीय बघा. महिना झाला कांदा चोळतेय, पण छे!"

चाईत केस गळून पडलेला चट्टा गोल, गुळगुळीत असतो. इथे कड वेडीवाकडी आणि मधे केसांचे खुंट, एक आखूड तर शेजारचा लांब. कडेचे केस हलकेच ओढून पाहिले, एकही हातात आला नाही. डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, वेगवेगळ्या उंचीवर तुटलेले केस दिसले. ती केस उपटत होती.

आणि मी माती खाल्ली. दोघींच्या देखत विचारलं, "बाळा, तू केस ओढतेस का गं?" तिने जोरात नाही म्हणून मान हलवली. आजी तडकल्या, "आमची पोरगी काय वेडी आहे?" मुलीने स्कार्फ पुन्हा कपाळापर्यंत ओढला.

तिघींना बाहेर बसवलं. दोन पेशंट झाल्यावर आईला विचारून मुलीला आत घेतलं, सोबत सिस्टर. या वेळी विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "काही मुलांचा हात आपोआप केसांत जातो. मुद्दाम नाही करत ती."

बराच वेळ ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "खरखरीत सापडला की तोच काढावासा वाटतो. मऊ नाही."

कधी? गणित करताना, टीव्हीसमोर, झोप येत नसली की. तोंडात घालतेस का, हे विचारणं भाग होतं. गिळलेला केस पचत नाही. पोटात साचून गोळा झाला तर ऑपरेशनची वेळ येते. "ओठांवर फिरवते, मग टाकते." पोट दुखत नव्हतं, उलट्या नव्हत्या, जेवण ठीक होतं. मला हायसं वाटलं.

केस उपटण्याच्या या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव १८८९ साली आलोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने दिलं. नाव आमच्या खात्यातलं, पण इलाज आमच्या मलमांत नाही. अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली रीत अजून कामी येते: हात कधी जातो ते मुलानेच टिपायचं आणि जातोय असं कळलं की मूठ मिनिटभर आवळून धरायची. बालमानसतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तोवर एक वही करायला सांगितली, हात गेला की एक रेघ.

अवघड होतं ते आईला समजावणं. "सारखं 'हात काढ' म्हणू नका."

"मग काय नुसतं बघत बसू?"

"रागावून थांबायची असती तर एव्हाना थांबली असती, ताई."

त्यांचे डोळे भरले. आजी मात्र जाताना विचारून गेल्याच, "कांदा चालू ठेवू ना?" म्हटलं, कांदा आमटीत घाला.

तीन आठवड्यांनी मुलगी वही घेऊन आली. सोमवारी चौदा रेघा, मंगळवारी नऊ, बुधवारी एकही नाही. मी खूश होऊन शाबासकी देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बुधवारी पेन सापडलं नव्हतं."