रानातली कात्री

जंगलातल्या खजिन्याचे जुने हॉलीवूडपट बघताना एक प्रश्न कायम छळतो. महिनाभर चालत असलेल्या या मंडळींची दाढी कोण करतं, कपडे कोण धुतं? १९५० सालच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये निदान केसांपुरतं उत्तर द्यायचा प्रयत्न केलाय, आणि तिथेच सगळी गंमत झालीय. नायिका डेबोरा कर, आफ्रिकेत हरवलेल्या नवऱ्याला शोधायला निघालेली. लांब केस, उकाडा, घाम. शेवटी ती वैतागून कात्री उचलते, कचाकचा केस कापते, पाण्यात धुते. आणि पुढे बघावं तर डोक्यावर आखूड, कुरळे, जागच्या जागी बसलेले केस. नायक स्ट्युअर्ट ग्रेंजर तिच्याकडे बघत राहतो, यात त्याचा काय दोष?

ज्याने कुणी स्वतःचे केस स्वतः कापून बघितलेत त्याला हे पटणार नाही. समोरचे जमतात, कानामागचे अंदाजाने जमतात, मानेवरचे दिसतच नाहीत, त्यामुळे तिथे पायऱ्या पडतात. ओले कापले तर सुकल्यावर आणखी वर चढतात. आणि असे कुरळे वळसे आपोआप पडत नाहीत. ओल्या केसांच्या बटा बोटावर गुंडाळून पिना लावायच्या आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. दमट हवेत ते सुकणार कधी? पण सिनेमा कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. आज शेवटचा प्रसंग, उद्या पहिला. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, सांभाळणाऱ्याला ‘रोज थोडे विस्कटलेले’ केस म्हणजे डोकेदुखी. एकदाच सेट केलेले आखूड केस बरे.

बाकी या सिनेमावाल्यांनी कष्ट कमी घेतले नाहीत. एमजीएम या स्टुडिओने कुंड्यांतली झाडं मांडून काम भागवलं नाही. केनिया, युगांडातला मर्चिसन धबधबा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा भाग), तेव्हाचं बेल्जियन कांगो, अशी सगळी वरात फिरली. कॉम्प्टन बेनेट आणि अँड्र्यू मार्टन असे दोन दिग्दर्शक. आणि सोबत रंगीत चित्रणाचा, तीन पट्ट्यांचा टेक्निकलर कॅमेरा, म्हणजे अवजड धूडच. भिंगामागे एक लोलक असतो, तो प्रकाशाची वाटणी करतो. एक वाटा सरळ जाऊन एका फिल्मवर हिरवा नोंदवतो. दुसरा वळून एकमेकींना चिकटून पळणाऱ्या दोन फिल्मांवर पडतो. पुढची निळा घेते, मागची तांबडा. मागचीपर्यंत प्रकाश पुढचीतून गाळून येतो, म्हणून तांबड्याची प्रतिमा नेहमी जराशी मऊ. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, आणि इथे एका वेळी तीन रिळं संपतात.

एवढी वाटणी झाली की प्रकाश भरपूर लागतो. घनदाट पर्जन्यवनात जमिनीपर्यंत पोचतो तो वरच्या उजेडाचा शेकडा एक-दोन भाग. तिथे हा कॅमेरा नेऊन करणार काय? म्हणून हे जंगल नीट पाहा: मंडळी बराच वेळ उंच गवतात, माळावर, नदीकाठी असतात. पण मोकळ्यावर भर बाराचं ऊन, आणि हॅटची सावली थेट नाकापर्यंत. डोळ्यांच्या जागी दोन खळगे. मग खालून रिफ्लेक्टर, म्हणजे ऊन परतवणारा फळा, मारायचा. तो फार खाली धरला की नट डोळे बारीक करतो, आणि वाऱ्याने हलला की चेहऱ्यावर उजेड लपलपतो.

त्यात हवा. दमटपणात फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, बुरशी धरतं. चित्रित केलेली फिल्म उष्म्यात पडून राहिली तर धुण्याआधीच प्रतिमा क्षीण होत जाते. तिन्ही फिल्मा सारख्याच बिघडल्या तर एक वेळ चालेल, पण एकच जास्त बिघडली की अख्ख्या शॉटचा रंग एका बाजूला झुकतो. हे सांभाळून छायाचित्रकार रॉबर्ट सर्टीज यांनी जे टिपलं त्याला ऑस्कर मिळालं. संकलनालाही मिळालं, आणि वणव्यापुढे पळणाऱ्या जनावरांचा प्रसंग पाहिला की ते का, हे विचारावं लागत नाही.

पार्श्वसंगीताचा ऑर्केस्ट्रा जवळपास नाहीच. तिथलेच ढोल, तिथलीच गाणी. हा निर्णय मला केसांपेक्षा फार शहाणा वाटतो. दमट हवेत चामडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून ते विस्तवाजवळ धरून ताणून घ्यावं लागतं. आपल्याकडे हलगी शेकल्याशिवाय कुणी काठी लावत नाही, तेच. व्हायोलिनच्या ताफ्याने धोक्याची आगाऊ सूचना दिली नाही की बघणारा स्वतः घाबरतो.

खजिन्याची गुहा येते अगदी शेवटी, आणि खरं सांगायचं तर ती सगळ्यात मिळमिळीत. खरी खाण एमजीएमच्या डब्यांत होती. इथलं उरलेलं, वापरलेलं चित्रण त्यांनी पुढे १९५९ च्या ‘वाटुसी’त घातलं, त्याच वर्षीच्या टारझनपटातही घातलं. ओळखायची खूण सोपी आहे. नवा नट आणि जुनं जनावर एका चौकटीत सहसा येत नाहीत. नट चमकून बघतो, कट, मग सिंह. शिवाय सावल्या पाहाव्यात. नटाची सावली लांब आणि सिंहाची पायाखाली असेल, तर दोघांच्या मध्ये काही वर्षं गेलेली आहेत.

सुरुवातीच्या शिकारीत मात्र अशी जोडाजोड नाही. तिथला हत्ती कॅमेऱ्यासमोर खरोखर गोळी लागून पडतो, आणि कळपातले दुसरे हत्ती येऊन त्याला उठवू पाहतात. ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. कथेला त्या हत्तीची गरज एवढीच, की नायक गोऱ्या गिऱ्हाइकांना शिकारीवर नेतो हे प्रेक्षकाला कळावं. ते एका वाक्यातही सांगता आलं असतं.