हिरव्या दिव्यावर विसंबलेला लॅपटॉप

दूरवरचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी घरून करते, त्यामुळे तारेचे इंटरनेट गेले की लॅपटॉपने मला न विचारता वायफायवर जावे, एवढीच माझी अपेक्षा होती. लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि जोडण्या नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम सांभाळतो. तारेच्या मार्गाला तो १०० आणि वायफायच्या मार्गाला ६०० असा मेट्रिक, म्हणजे पसंतीचा आकडा, देतो, आणि ज्याचा आकडा कमी त्या मार्गाने पॅकेट, म्हणजे माहितीची पुडकी, जातात. केबल उपसली की १०० चा मार्ग नाहीसा होतो आणि ६०० चा आपोआप कामाला लागतो. मी केबल उपसून पाहिली. पिंगची (दूरच्या यंत्राला 'आहेस का?' विचारणाऱ्या हाकेची) दोन-तीन उत्तरे चुकली आणि पुढची सुरळीत आली. हा प्रयोग मी घरच्यांनाही कौतुकाने दाखवला.

जुलैमध्ये गल्लीत गटारासाठी खोदकाम निघाले, फायबर तुटली, आणि लॅपटॉप ढिम्म हलला नाही. पहिली चूक सांगायला लाज वाटते: माझे वायफाय त्याच फायबरच्या राउटरचे होते, म्हणजे मी एकाच कोरड्या विहिरीत दोन पोहरे सोडले होते. वायफाय फोनच्या हॉटस्पॉटला जोडले, तरी पाने उघडेनात.

ग्राहकसेवेला फोन लावला, तेव्हा पलीकडून एकच प्रश्न पुन्हापुन्हा येत राहिला: "मॅडम, लॅनचा दिवा हिरवा आहे ना? मग नेट चालूच असणार." त्या हिरव्या दिव्याशेजारी एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नव्हता, हे मी तीनदा सांगितले. संध्याकाळी तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला; फायबर जोडली गेली ती तिसऱ्या दिवशी. राग थोडा ओसरल्यावर (पुरता तो अजूनही ओसरलेला नाही) लक्षात आले की माझा लॅपटॉपही नेमके तेच म्हणत होता. राउटर इन्व्हर्टरवर जिवंत, केबल जागेवर, दिवा हिरवा. तेव्हा तार चालू आहे, असे समजून तो सगळी पॅकेट त्या मेलेल्या वाटेने पाठवत होता. केबल उपसण्याची माझी चाचणी अशा बिघाडाची होती, जो आमच्याकडे कधी होतच नाही.

तार खरोखर बाहेरपर्यंत पोहोचते का, हे तपासण्याची सोय नेटवर्कमॅनेजरमध्ये आहे. ठरावीक पत्त्यावरचे छोटे पान तो प्रत्येक जोडणीतून मागवून पाहतो आणि अपेक्षित उत्तर आले नाही तर त्या मार्गाच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवतो. माझ्याकडे हा पत्ताच नेमलेला नव्हता. डेबियनमध्ये त्यासाठी वेगळे पॅकेज आहे, ते फोनच्या नेटवर उतरवून घातले. त्यासाठी तारेचा मार्ग हाताने काढावा लागला, आणि तेव्हा आणखी एक गंमत दिसली: आकडी पत्त्याला पिंग लगेच जाई, पण नावाने काहीही उघडायला पाच-पाच सेकंद लागत, कारण नावावरून आकडी पत्ता कोणाला विचारायचा, त्या यादीत अजून फायबरचा राउटरच पहिला होता आणि त्याच्या उत्तराची पाच सेकंद वाट पाहून मगच पुढच्याकडे विचारणा होत होती.

पॅकेज घालून तारेचा मार्ग परत आणला. तारेचा मेट्रिक २०,१०० झाला, इथवर ठीक. पण वायफायचाही २०,६०० झाला, म्हणजे शर्यत जशीच्या तशी राहिली आणि मेलेली तारच पुन्हा जिंकली. फोनवर सगळे चालत असताना लॅपटॉप मात्र वायफायच्या नावापुढे 'लिमिटेड' लिहीत होता. यात माझे दीड दिवस गेले. हॉटस्पॉट दोनदा नव्याने बांधला, फोन बदलून पाहिला, वायफायच्या ड्रायव्हरलाही उगाच बोल लावला.

उलगडा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये (नोंदवहीत) झाला. तिथे 'मार्शियन सोर्स' (मंगळावरचा उगम) अशा ओळींची रांग लागली होती; माझ्याच फोनवरून आलेली उत्तरे कर्नल मंगळावरून आल्यासारखी परतवत होता. दोन वर्षांपूर्वी सुरक्षेची एक यादी पाहून मी आरपी-फिल्टरचे, म्हणजे आलेल्या पॅकेटची वाट तपासणाऱ्या कर्नलच्या सेटिंगचे, मूल्य १, म्हणजे कडक, करून ठेवले होते. अशा वेळी एखादे पॅकेट वायफायवरून आले, पण त्याच्या उगमाकडे परत जाण्याचा सर्वांत कमी मेट्रिकचा मार्ग तारेचा असला, तर कर्नल ते फेकून देतो. तपासणीचे पान वायफायवरून मागवले जात होते, उत्तरही येत होते आणि दारातच टाकले जात होते. सगळ्या जोडण्यांना लागू होणारे 'ऑल'खालचे मूल्य २, म्हणजे सैल, केले. कर्नल 'ऑल' आणि त्या-त्या जोडणीचे मूल्य यांतले मोठे धरतो, म्हणून एवढे पुरले. थोड्याच वेळात वायफाय ६०० वर उतरले आणि पाने उघडू लागली. मी खुर्चीतून उठून चहा टाकला.

दोन तपासण्यांमधले अंतर मुळात ३०० सेकंदांचे असते, ते मी ६० केले आहे. फोनच्या हॉटस्पॉटला 'कोणी जोडलेले नसल्यास आपोआप बंद' अशी सोय असते, ती आधी बंद करावी, नाहीतर गरजेच्या वेळी तोच झोपलेला आढळतो. चाचणी घेताना लॅपटॉपची केबल उपसू नये. ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा) आणि राउटर वेगळे असतील तर त्यांच्यामधली केबल काढावी, माझ्यासारखा एकच डबा असेल तर फायबरचे टोक काढावे, मात्र त्या टोकाला बोट लावू नये.

मार्ग बदलला की आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे चालू असलेले एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर काम करण्याची जोडणी) गोठते. त्यावर मी मॉश हा पत्ता बदलला तरी न तुटणारा पर्याय वापरू लागले आहे. ऑगस्टमध्ये फायबर पुन्हा तुटली, तेव्हा ते मला लाल दिवा दिसल्यावर कळले.