ट्रंकेवरचे पंजे

ह्यांना परवा निघायचंय. फौजेतली फील्डची पोस्टिंग, म्हणजे कुटुंब सोबत नाही. मी आणि पोरं इथेच, ग्वाल्हेरला, मुरारच्या क्वार्टरमध्ये.

सकाळी आधी पाण्याची मोटर जळली. मिस्त्री ‘येतो’ म्हणाला आणि आलाच नाही. मी बादल्या भरत होते, तेवढ्यात लक्षात आलं, मागच्या अंगणात अगदी चिडीचूप. पोटात गोळाच आला. हे काळ्या ट्रंकेवर नाव आणि नंबर रंगवत होते, फोन आला म्हणून उठले, डबा उघडाच राहिला. धाकट्याने दोन्ही हात पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये बुडवून झाकणावर पंजे उठवले होते. केसांत रंग, भिंतीवर रंग, बाबांच्या नव्या बुटांवरही रंग.

मी ओरडले. फार जोरात ओरडले. तो हुंदके देत म्हणाला, "बाबांना तिकडे माझा हात पाहिजे ना."

मग तासभर त्याला मांडीवर घेऊन खोबरेल चोळत बसले. कानामागचा रंग अजून निघालेला नाही. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातून सासूबाई पोळ्या आणि लसणाची चटणी घेऊन आल्या, काही न विचारता भांडी घासायला बसल्या. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला म्हणून त्या वस्तीचं नाव लष्कर. तिथल्या किती घरांतून माणसं अशी निघाली असतील, हे आज पहिल्यांदाच मनात आलं.

ह्यांनी बूट घासून काढले. झाकण मात्र पुसू दिलं नाही. नंबर आता बाजूला लिहिलाय, पंजे तसेच आहेत.

मोटरचं उद्या बघू.