परतीचं माप

आठवीत ‘घर्षण’ शिकवताना विज्ञानाच्या सरांनी आम्हाला वर्गातून उठवून थेट मैदानावर नेलं. फक्कीची एक रेघ मारली. रेघेपर्यंत सायकल जोरात दामटायची, रेघेवर पाय थांबवायचे, ब्रेकला हात लावायचा नाही. सायकल थांबेल तिथे खूण. माझी सायकल सगळ्यांच्या पुढे गेली. मी ऐटीत उभा. सर म्हणाले, “आता तिकडून इकडे ये बघू.” उलटीकडून तीच सायकल निम्म्यातच लटपटली. मैदानाला उतार होता, नुसत्या डोळ्यांना न कळणारा. तरी वहीत मी पहिलंच माप लिहिलं. शेजारी तांबड्या शाईत शेरा आला : “परतीचं कुठाय?”

पुढे नोकरी लागली ती गाड्यांच्या चाचणीत. तिथेही तोच खेळ, फक्त सायकलीऐवजी मोटार. बंदिस्त धावपट्टीवर वेग घ्यायचा, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि वेग कसा उतरतो ते मोजायचं. (रहदारीच्या रस्त्यावर, त्यातून उतारावर, हे मुळीच करू नये.) साधारण १ टनाची मोटार ताशी ७० वरून ६० किलोमीटरवर यायला ११ सेकंद घेते, पण ३० वरून २० वर यायला २०! उतरलेला वेग तेवढाच, वेळ जवळपास दुप्पट. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि टायरचा जवळजवळ तेवढाच राहतो. त्या दोन आकड्यांवरून दोघांचा वाटा वेगळा काढता येतो : ताशी ६५ च्या आसपास हवा आणि टायर बरोबरीने गाडी ओढून धरतात, २५ ला हवा जेमतेम सातवा हिस्सा.

हे सगळं उतारापुढे मातीमोल. १०० मीटरला १ मीटर एवढा चढ जवळपास टायरच्या विरोधाइतकाच गाडीला रोखतो. म्हणून प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी. आणि सरासरी काढायची ती सेकंदांची नव्हे, मंदनाची, म्हणजे दर सेकंदाला वेग किती उतरला त्याची. सेकंदांची काढली तर लांबलेली फेरी उगाच भाव खाऊन जाते. हे मला दोन आठवड्यांची मापं वाया घालवल्यावर उमगलं.

एक कबुली राहिली. त्या दिवशी रेघ ओलांडल्यावर मी एक पायडल जास्त मारलं होतं. ते परतीच्या मापातही सापडत नाही. सरांनी मात्र ते पाहिलं असावं, कारण दुसऱ्या फेरीला ते रेघेपाशी येऊन उभे राहिले होते.