ते प्रथिन काढूनच का टाकत नाही?

पार्किन्सन्सवर काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, बहुतेकदा रुग्णाच्या घरच्यांकडून: 'अल्फा-सायन्युक्लीनच्या गाठी होतात आणि मेंदूतल्या पेशी मरतात ना? मग ते प्रथिनच काढून टाका की!' तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न रास्त आहे. पण हे प्रथिन रोगासोबत येत नाही, ते निरोगी मेंदूतही भरपूर असतं. १४० अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी मुख्यतः सिनॅप्सपाशी, म्हणजे एक चेतापेशी दुसरीला निरोप देते त्या जागी असते. तिथे तंतूच्या टोकाशी डोपामिनसारख्या रसायनांनी भरलेल्या अतिसूक्ष्म पुटिका तयार असतात. विद्युतसंदेश आला की त्या पेशीच्या आवरणात विलीन होतात आणि रसायन बाहेर पडतं. एरवी अल्फा-सायन्युक्लीनला ठरावीक आकार नसतो, पुटिकेला टेकलं की मात्र त्याचा बराचसा भाग मळसूत्रासारखा वळतो. पुटिका एकमेकींजवळ धरून ठेवणं आणि विलीनीकरण घडवणाऱ्या स्नेअर प्रथिनांच्या जुळणीला हातभार लावणं, ही त्याची कामं.

बशीत वाढवलेल्या चेतापेशींमध्ये या प्रथिनाला चमकणारी खूण जोडली, की सूक्ष्मदर्शकाखाली काळोखात तंतूभर हिरवे ठिपके दिसतात. जिथे ठिपका, तिथे सिनॅप्स. पेशींना विजेचे हलके झटके दिले की ठिपके फिकटतात, कारण प्रथिन सिनॅप्समधून तंतूत पांगतं. झटके थांबवले की ते हळूहळू परततं. ही ये-जा बघितली की त्याला नुसतं 'विष' म्हणवत नाही.

बिघडतं ते प्रमाणावरून. २००३ मध्ये एका कुटुंबात हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोनऐवजी चार प्रती सापडल्या. प्रथिनाच्या रचनेत काहीही चूक नव्हती, फक्त ते जास्त बनत होतं. तेवढ्यानं त्या कुटुंबात पार्किन्सन्स लवकर आणि तीव्र स्वरूपात आला. उंदरांच्या चेतापेशींत हे प्रथिन वाढवलं तर गाठी दिसण्याआधीच पुटिकांमधून रसायन कमी सुटू लागतं. म्हणूनच मला वाटतं, पेशी मरण्याची वाट बघत बसलो तर आपण उशिरा पोहोचतो. वापरलेल्या पुटिका पुन्हा कामाला लावणाऱ्या सिनॅप्टोजॅनिन-१ आणि ऑक्झिलिन या प्रथिनांच्या जनुकांतले दोषही काही जणांना तरुणपणीच पार्किन्सन्ससारख्या आजाराकडे नेतात. बोट पुन्हा सिनॅप्सकडेच जातं.

आता काढून टाकण्याबद्दल. एकटं अल्फा-सायन्युक्लीन नसलेले उंदीर बऱ्यापैकी धडधाकट जगतात. अल्फा, बीटा, गॅमा अशी तिन्ही भावंडं काढली, तर मात्र वय वाढेल तशी स्नेअरची जुळणी कमी पडते, चेतासंस्था ढासळते आणि उंदीर लवकर मरतात. शिवाय जन्मापासून प्रथिन नसणं वेगळं आणि साठीतल्या माणसाच्या मेंदूतून ते अचानक नाहीसं करणं वेगळं. तिथे रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू शकतो.

म्हणून संशोधनाचा रोख ते कमी करण्यावर आणि त्याच्या गुठळ्या होऊ न देण्यावर आहे. पेशीला ते कमी बनवायला लावणारे जनुकीय उपाय आणि चुकीच्या घडीच्या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं तपासली जात आहेत. पण किती कमी केलं म्हणजे गुठळ्या टळतील आणि पुटिकांचं कामही अडणार नाही, ते ठरवल्याशिवाय तुमच्या घरच्या माणसाला असं औषध द्यायला मी तरी धजावणार नाही.