एका टक्क्यात किती किलोमीटर? इलेक्ट्रिक गाडीने एका दिवसात 380 किलोमीटर

पहाटे पाचला निघालो आणि रात्री नऊला घरी परतलो. गाडीत चौघं, बॅटरी 40 युनिटची, म्हणजे 40 किलोवॉट-अवर. जाताना 190 किलोमीटर, त्यातले शेवटचे 20 डोंगराच्या चढाचे. तेवढ्यात उंची 600 मीटरने वाढते. निघताना चार्ज 100 टक्के आणि स्क्रीनवर रेंज 305 किलोमीटर.

लांबच्या प्रवासात मी त्या रेंजच्या आकड्यावर विसंबत नाही. गाडी तो मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढते. पुढे चढ आहे की समोरून वारा, हे बहुतेक वेळा त्यात धरलेलं नसतं. त्यापेक्षा आपल्या गाडीला एका टक्क्यात किती किलोमीटर मिळतात ते आधी दोन-तीनदा मोजून ठेवा. आमच्या गाडीला ताशी 80 च्या वेगात 3 मिळतात, 100 ला जेमतेम 2.4. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 80 वरून 100 वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो.

हे माहीत असूनही पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर पहिले 110 किलोमीटर मी 100 ने गेलो. 46 टक्के संपले. पुढे 130 व्या किलोमीटरला ठरवलेला जलद चार्जर बंद निघाला, ॲपवर मात्र तो चालू दिसत होता. हातात 47 टक्के.

गाडी बाजूला घेऊन हिशेब केला. सपाट 40 किलोमीटरला 14 टक्के, चढावरच्या 20 किलोमीटर अंतराला 7. शिवाय उंचीचे वेगळे: माणसांसकट 1,700 किलोची गाडी 600 मीटर वर न्यायला 2.8 युनिट लागतात, मोटरमधली घट धरून तीनाच्या वर, म्हणजे 8 टक्के. एकूण 29, उरणार 18. वरच्या मुक्कामाचा चार्जर चालू आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं. तरी तो बंद निघाला असता तर? साध्या प्लगची केबल डिकीत होती, म्हणून पुढे निघालो. ती नसती तर मी मागे वळलो असतो, कारण 60 किलोमीटर मागे दुसरा जलद चार्जर होता.

पुढे 70 चा वेग धरला आणि वर पोचलो तेव्हा 20 टक्के होते. एसी बंद केला नव्हता. त्याला तासाला साधारण एक युनिट लागतं. वेग थोडा कमी केला की ते भरून निघतं, मग उकाड्यात बसायचं कशाला? कडाक्याच्या थंडीत हीटर मात्र याहून बराच जास्त खातो.

100 ने जाऊन माझी 16 मिनिटं वाचली आणि 9 टक्के जास्त गेले. जलद चार्जर चालू असता तर ते सहा-सात मिनिटांत भरले असते, म्हणजे घाई फायद्याचीच ठरली असती. म्हणून पुढे एकाच ठिकाणी दोन-तीन चार्जर असतील तर खुशाल वेगाने जा. एकच असेल तर त्याच्यापर्यंत 80 ने.

वर सात किलोवॉटच्या चार्जरवर साडेतीन तासांत 75 टक्के झाले. उतरण्याआधी बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत जायला जागाच नसते आणि रीजेनचा, म्हणजे मोटरने वीज परत भरत गाडी हळू करणारा, ब्रेकही मंदावतो. आम्ही वर 75 ने निघालो आणि पायथ्याशीही 75 च होते.

येताना पाऊस आणि समोरून वारा, त्यामुळे एका टक्क्यात 2.7 च मिळाले. घरापासून 70 किलोमीटरवरच्या त्या जलद चार्जरला 38 टक्के होते. तेवढ्यात घर गाठता आलं असतं, पण अंधारात, पावसात काठावरचा हिशेब मला नको होता. वीस मिनिटांत 66 झाले. ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्जिंग फार मंदावतं, तेव्हा तिथवर थांबायची गरजही नव्हती.