ठाण्यात पॉटरी क्लास लावायचाय?

क्लास शोधताय ना, मग आधी एकच विचारा, नवख्यांना पहिल्याच दिवशी चाकावर बसवता का? बसवत असतील तर फोटो भारी येतील, पण हात काही बसणार नाही. आमच्या घोडबंदरच्या क्लासात ताई आधी माती मळायला लावतात, आतली हवा निघेपर्यंत, मग पिंच पॉट, म्हणजे गोळा चिमटीत दाबून केलेली वाटी, मग मातीच्या वळ्या रचून भांडं आणि नंतर चाक. तिथे गोळा मध्यावर आणणं हाच खरा खेळ, कोपर मांडीला टेकवायचं, ओला तळवा घट्ट, गोळा थरथरायचा थांबला की जमलं. जुनी मंडळी ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात रमलेली असतात, स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांना, १२०० अंशांच्या वर भाजतात म्हणे. पावसाळ्यात घाई नको हं, ओलं भांडं भट्टीत गेलं तर वाफेने फुटतं. आणि माती आटते, सो चहाचा मग मोठाच करा, नाहीतर कटिंगपुरताच उरेल.